झेरॉक्सच्या दुकानातलं मोडीचं टेबल

जुना कागद उघडला की आधी धूळ उडते, मग एखादी कसर पळते आणि शेवटी एक किस्सा बाहेर पडतो. धूळ चंदरभाई झटकतात, कसर मी चिमटीत धरते. किश्शाचं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणून तो दुकानातच मुक्कामाला राहतो. सहा-सात वर्षांत इतके जमलेत, की चंदरभाई परवा म्हणाले, "मॅडम, आता ह्यांना वेगळा गाळा बघावा लागेल!"

दुकान चंदरभाईंचं. अंबरनाथ पूर्वेला, तहसील कचेरीसमोरच्या गल्लीत. झेरॉक्स, लॅमिनेशन, फॉर्म. ते रोज उल्हासनगरहून स्कूटरवर येतात. मशीनच्या शेजारी एक टेबल आहे, ते माझं. मी इथल्याच एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला होते. तीस वर्षं दुसऱ्यांच्या रेषांवरून रेषा ओढल्या. रिटायर झाल्यावर गुडघे आणि वेळ, दोन्ही कुरकुरायला लागले, तेव्हा रविवारच्या एका वर्गाला जाऊन मोडी लिपी शिकले. मोडी म्हणजे मराठीच, पण अक्षरं एकमेकांचे हात धरून पळणारी! इंग्रज सरकारच्या काळात आपल्याकडची गावदफ्तरं ह्याच लिपीत लिहिली जायची. कुणाला जातीच्या दाखल्यासाठी, कुणाला जमिनीसाठी, त्या कागदात पणजोबा शोधायचे असतात. ते माझ्या टेबलाशी येतात. फी म्हणून कधी भेंडी मिळते, कधी करवंदं.

तिसरे आमचे गायकर. मोरिवलीचे. मोजणी खात्यातून निवृत्त झाले, पण पाय निवृत्त झाले नाहीत. तालुक्यातला एकेक बांध त्यांना पायाने ओळखीचा. म्हणतात, "बाय, नकाशा चुकंल. माझा पाय नाय चुकायचा!"

दुपारी दोननंतर कचेरीतली गर्दी जेवायला पांगते. पंखा फिरत असतो, मशीनचा हिरवट उजेड छतावरून सरकत जातो, आणि मी वाचत असते. मग समोरची रिक्षांची रांग विरघळते आणि तिथे कुरण दिसायला लागतं. खरंच दिसतं. गायकरांनाही दिसतं. आम्ही ते कुणाला सांगत नाही, एवढंच.

* * *

पालेगावहून एकदा एक अख्खं कुटुंब दोन रिक्षा करून आलं. बरोबर काचेची फ्रेम. फ्रेमवर हळदीकुंकवाचा इतका थर, की आतला कागद एका कोपऱ्यातूनच डोकावत होता.

"आमच्या पणजोबांना राणीनं दिलेला मान आहे," कर्ता मुलगा म्हणाला. "दर दसऱ्याला पूजा करतो. आता फ्लॅटमध्ये चाललोय, हॉलमध्ये मोठा करून लावायचाय. खाली अर्थ लिहून द्या."

फ्रेम उघडली. सुनेने मोबाइल वर धरून शूटिंग सुरू केलं. मी मनातल्या मनात वाचलं. परत वाचलं. मग चष्मा पुसला.

गायकर माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "वाचा बाय. लिवलंय तां लिवलंय."

मी वाचलं. "म्हैस एक. रंग काळा. डावे शिंग मोडके. सरकारी राखीव कुरणात चरताना सापडली. सबब कोंडवाड्यात घातली."

सुनेचा मोबाइल हळूहळू खाली आला. कर्त्या मुलाचे कान लाल झाले. पन्नास-साठ दसरे सगळ्यांच्या डोळ्यांपुढून एकदमच गेले असणार!

मागे स्टुलावर आजी बसल्या होत्या. त्या काठी टेकत उठल्या आणि माझ्या तोंडाजवळ कान आणून म्हणाल्या, "कंचा शिंग?"

"डावं."

"चांदी!" आजी ओरडल्या. "चांदीच ती! माझी सासू सांगायची, चांदी नावाची म्हस होती, तिच्या दुधावर आख्खा घर वाढला. मी ह्यांना सांगितला तर हसायचे मेले. म्हणायचे, आपल्याकडं कुठली आलीय म्हस!"

मुलगा चाचरत म्हणाला, "आई, मग आता हे हॉलमध्ये..."

"लाव की! मोठा करून लाव. आन् खाली काय ता इंग्रजीत लिवू नको. चांदी लिव."

चंदरभाईंनी ए-थ्री साइजमध्ये लॅमिनेट करून दिली.

* * *

माझी एक चूक सांगते. माझ्या चुका ऐकायला मिळाल्या की गायकर फार खूश होतात.

बदलापूर गावातल्या शेवंताबाई पुतण्याला घेऊन आल्या. त्यांचे खापरपणजोबा वारले तेव्हा पाटलाने घरातल्या चीजवस्तूंची यादी केली होती, तिची नक्कल. मी ऐटीत वाचायला घेतलं. "घर एक. नांगर दोन. पाटा एक. वासरू एक. बायल चार."

"बायल म्हंजे?" शेवंताबाईंनी विचारलं.

"जुन्या बोलीत बायको," मी म्हटलं. नवशिकी होते. फार खात्री असायची तेव्हा.

शेवंताबाई कागदाची घडी करून निघून गेल्या. आठवड्याने पुतण्याचा फोन. "मॅडम, घरात चार पार्ट्या पडल्यात! कोण कुठल्या बायकोचा वंश यावरून चुलते बोलेनासे झालेत. एका आत्याने तर जाहीर करून टाकलंय की आमची थोरली, बाकी सगळे नंतरचे!"

मी घाबरून कागदाची प्रत काढली. गायकर शेजारी येऊन बसले. बोटाने ओळ धरून म्हणाले, "नांगर किती?"

"दोन."

"दोन नांगराला बैल किती लागतात?"

मी भिंग घेतलं. 'ब'च्या पुढचा काना काना नव्हताच. टाकातून घसरलेला शाईचा ओघळ होता. बयल. बैल चार!

फोनवर सांगायची लाज वाटली, म्हणून दुसऱ्या दिवशी स्वतः बदलापूरला गेले. शेवंताबाई ओटीवर बसून वाल सोलत होत्या. मी सगळं सांगितलं, हात जोडले. त्यांनी माझ्यापुढेही वालांची एक परात सरकवली.

"मला तवाच शंका आली होती," त्या म्हणाल्या. "बाईमाणसाची नोंद एवढी ठळक कोण करतंय!"

घरी आल्यावर मी तो कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. पाटा होता, वासरू होतं, फुटका हंडा होता, दोन घोंगड्या होत्या. मेलेल्या माणसाची बायको कुठे नव्हती.

* * *

बारवी धरणाच्या वरच्या अंगाला एक ठाकूरवाडी आहे. तिथली मंगल नावाची मुलगी, तिचा बाप आणि आजी असे तिघं एका सकाळी आले. मंगलला नर्सिंगला जायचं होतं. जातीच्या दाखल्याला पूर्वजाची जुनी नोंद हवी होती.

"शाळेच्या रजिस्टरात बघितलंत?" मी विचारलं.

"शालंत गेलाच नाय कुनी," बाप म्हणाला. "मंगल पैली."

वाडीवरच्या एका गुरुजींनी कुठल्या कुठल्या दफ्तरांतून नकलांचा गठ्ठा काढून दिला होता. जंगलखात्याच्या जुन्या गुन्ह्यांचं रजिस्टर. त्या काळी आपल्या जिल्ह्यात मोहाची फुलं जवळ बाळगणं हा गुन्हा होता. माणसं घरीच दारू गाळतील आणि सरकारी दारूचा खप कमी होईल, ही साहेबाला भीती. झाडं डोंगरभर, फुलांचा सडा पायाखाली, आणि वाकून उचललं तर गुन्हेगार!

तीन दुपारी मी पानं वाचत होते, ते तिघं रोज येऊन समोर बसायचे. नाव, बापाचं नाव, जात, गाव, काय सापडलं. तिसऱ्या दुपारी आजीने सांगितलेलं नाव समोर आलं. माझा आवाजच चढला. "हिरू वल्द चाहू! जात ठाकूर! वाडीचं नावसुद्धा आहे!"

"पुढं?" बाप म्हणाला.

"मोहाची फुले, ओंजळभर, फडक्यात बांधलेली सापडली. विचारता म्हणतो, झाडाने टाकली, मी उचलली."

मला वाटलं होतं बाप आनंदेल. तो उठून उभाच राहिला. "म्हंजे चोर म्हनून लिवलाय त्याला. नको बाय. पोरीच्या कागदाला चोराचा कागद नको जोडायला."

"अहो, पण जात लिहिली आहे, गाव लिहिलंय. हाच पुरावा..."

"साहेब हसल. पोरीला तिथं सगली चोराची नात म्हनतील. नको."

मंगल खाली मान घालून बसली होती. वर्ष जाणार हे तिला कळत होतं. चंदरभाईंनी उगाचच मशीनचं झाकण उघडलं आणि मिटलं.

आजी दाराशी उकिडव्या बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "चोर खोटा सांगतो रं. ह्यानी खरा सांगला. झाडानी टाकली, मी उचलली. खरा सांगला म्हून तर लिवला, आन् लिवला म्हून आज घावला."

बाप परत खाली बसला. मग त्याने चंदरभाईंना विचारलं, "किती कॉप्या लागतील?"

पुढे दोन-तीन खिडक्या, एक तारीख, मग आणखी एक तारीख. पण दाखला झाला. मंगल नर्सिंगला लागली. पहिल्या सुट्टीत ती सरळ दुकानात आली. पांढरा युनिफॉर्म पिशवीत होता, तो काढून आम्हाला दाखवला. मग ओढणीची गाठ सोडून टेबलावर काहीतरी ओतलं. पिवळसर, मऊ, गोड वासाचं. सगळं दुकान त्या वासाने भरलं, अगदी टोनरचा वाससुद्धा मागे सरला.

"अगं, एवढी कशाला?" मी म्हटलं.

"ओंजळभरच आहेत मॅडम," मंगल म्हणाली. "झाडाने टाकली, मी उचलली!"

* * *

देवधर म्हणून एक गृहस्थ आहेत. औषधांच्या फॅक्टरीत मोठे ऑफिसर होते. पालेगावच्या बाजूला नव्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतला, कारण जाहिरातीत लिहिलं होतं, 'लेक व्ह्यू'. राहायला गेल्यावर त्यांनी सगळ्या खिडक्यांतून बघितलं. गच्चीवर जाऊन बघितलं. तळं नाही! शेवटी त्या भागाच्या जुन्या नकाशाची नक्कल काढून ती आमच्याकडे घेऊन आले.

"मला फक्त एवढंच सांगा," ते तावातावाने म्हणाले, "इथे तळं कधी होतं का? होतं तर कुठे गेलं? मी सोडणार नाही कुणाला."

गायकरांनी नकाशा फिरवून धरला. "तुमची बिल्डिंग कंची?"

देवधरांनी शेजारचा रस्ता, टेकडी, मारुतीचं देऊळ असं सगळं सांगितलं. गायकरांचं बोट फिरत फिरत एका निळसर वर्तुळावर आलं आणि बरोबर मधोमध थांबलं.

"साहेब," ते म्हणाले, "लेक व्ह्यू कसला? तुमी लेकमदीच ऱ्हाता!"

देवधर हसले नाहीत. मी वर्तुळाखालची बारीक ओळ वाचून दाखवली. "पाणथळ. भात होत नाही. बगळे फार."

"बगळे फार," देवधरांनी स्वतःशीच म्हटलं. नकाशाची घडी केली आणि गेले.

पुढल्या पावसाळ्यात एक दिवस परत आले. आम्हाला वाटलं, आता भांडणाचे कागद करायला सांगतील. त्यांनी मोबाइल काढून फोटो दाखवला. पार्किंगमध्ये घोट्याइतकं पाणी, पाण्यात वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची, आणि खुर्चीवर एक बगळा. नुसता उभा. कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा.

"सकाळी सहाला येतात," देवधर म्हणाले. आवाज अगदी खाली आला होता. "मी चहा घेऊन जिन्यात बसतो. पंचवीसेक असतील. सोसायटीची मीटिंग झाली परवा. जाळी लावायची म्हणत होते. सेक्रेटरी म्हणाला, बाहेरचे व्हिजिटर आत घ्यायचे नाहीत असा आपला नियम आहे."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, व्हिजिटर आपण आहोत!"

* * *

हा लहानसाच आहे. मोरिवलीचे दोन भाऊबंद, दोघं सत्तरीच्या पुढचे, एकमेकांशी चाळीस वर्षं अबोला. एकाच आंब्याच्या झाडावरून. झाड कधीच गेलं, तिथे कारखान्याची भिंत आहे, पण अबोला शिल्लक होता. योगायोगाने दोघं एकाच दुपारी आले आणि टेबलाच्या दोन बाजूंना बसले. पंचांच्या जुन्या निवाड्याची नक्कल निघाली होती. दोघांच्याही पणजोबांची नावं त्यात. म्हणजे भांडण त्याच झाडाचं, आणि तेव्हाही तेच!

मी निवाडा वाचला. "फळ थोरल्याने घ्यावे. सावली धाकट्याने घ्यावी."

मग धाकट्या घरचे म्हातारे माझ्याकडे बघत, पण ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "ह्याला विचारा, माझ्या सावलीत किती वर्सं बसला हा!"

थोरल्या घरचे म्हातारे भिंतीकडे बघत म्हणाले, "त्याला सांगा, आंबं खाताना सावली नाय बगत कुनी."

आणि दोघांना एकदम हसू फुटलं. गायकरांनी चहा सांगितला. चहा येईपर्यंत ते दोघं त्या आंब्याच्या चवीबद्दल बोलत होते. आंबट होता म्हणे.

* * *

चंदरभाई कधी स्वतःबद्दल सांगत नाहीत. उल्हासनगरच्या प्रत्येक सिंधी घरात एक सुटलेली हवेली असते, तशी त्यांच्याही घरात आहे, एवढंच ऐकून होतो. फाळणीच्या वेळी त्यांचे वडील लहान असताना आपल्या आईच्या, म्हणजे चंदरभाईंच्या दादीच्या, कडेवर बसून सिंधमधून आले. सामान काही नाही, फक्त एक पत्र्याची डबी. डबीत एक कागद.

"हवेली का कागज है," चंदरभाई एकदा म्हणाले. "दादीने मरेपर्यंत उशाखाली ठेवला. मॅडम, तुम्ही एवढ्या लोकांचं वाचता. आमचं वाचा ना."

मी उघडला. मोडी नव्हती. सिंधी व्यापाऱ्यांची जुनी अक्षरं होती, मला काही कळेना. माझं तोंड बघून चंदरभाईच मला धीर द्यायला लागले, "कोई बात नहीं, कोई बात नहीं!"

पण आता कागद डबीतून बाहेर आला होता, मला चैन पडेना. विचारत विचारत उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या एका आजोबांचा पत्ता लागला. नव्वदीचे. लहानपणी स्वतःच्या आजोबांच्या पेढीवर ती अक्षरं शिकलेले. आम्ही तिघं गेलो. त्यांनी कागद उन्हात धरला आणि सिंधीत हळूहळू वाचत गेले. चंदरभाई आमच्यासाठी एकेक वाक्य मराठीत सांगत होते. तिसऱ्या वाक्याला त्यांचा आवाज बदलला.

हवेली नव्हती. कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या होत्या. कुठल्या वारी कुठल्या शेताला पाणी.

"सोमवारी सूर्य मावळला की पाणी आमच्या शेताला," चंदरभाई सांगत होते. "मंगळवारी सूर्य उगवला की दार उघडून शेजारच्या शेताला द्यायचं. तो झोपला असेल तर... तो झोपला असेल तर त्याला उठवायचं."

आजोबांनी कागद खाली ठेवला. "बस. इतना ही है."

येताना मला वाटत होतं, उगाच आपण वाचायला लावलं. सत्तर वर्षांची हवेली माझ्यामुळे गेली. दुकानाशी आल्यावर गायकर हळूच म्हणाले, "चंदरभाई, हवेली कुनाकडं पन असती. पान्याची पाळी लय मोठी गोष्ट."

पुढच्या सोमवारी ऊन उतरलं, समोरच्या कचेरीच्या कौलांवर तांबूस उजेड आला, आणि चंदरभाई मशीन चालू ठेवूनच उठले. नळाखाली बादली लावली. गल्लीच्या तोंडाशी एक बदामाचं झाड आहे, अर्धवट वाळलेलं, त्याच्या बुंध्याशी सावकाश पाणी ओतायला लागले.

गिऱ्हाईक वैतागलं. "ओ शेट, चार कॉपी राहिल्यात!"

"थांब जरा," चंदरभाई म्हणाले. "आज सोमवार. आमची पाळी आहे."

तेव्हापासून दर सोमवारी. झाडाला आता पानं आलीत. आणि मंगळवारी सकाळी दुकान उघडलं की तीच बादली भरून शेजारच्या टेलरच्या दारात ठेवतात. त्याच्या दोन तुळशी आहेत. टेलर त्या वेळी शिवणाच्या मशीनवर डोकं टेकून पेंगत असतो. चंदरभाई त्याला उठवतात.

* * *

आणि बुधाजी.

वांगणीच्या पलीकडच्या वाडीतले. साठीचे असतील. डोंगराच्या पायथ्याशी एका शेटच्या फार्महाऊसवर राखण करतात, झाडांना पाणी घालतात, पाहुणे आले की चूल पेटवून देतात. सुट्टीचा वार कुठला ते त्यांना सांगता येईना, इतकी ती कमी मिळते. त्या दिवशी मिळाली होती. वाडीवरच्या जमिनीच्या दाव्यासाठी जुना पुरावा लागत होता, आणि कुणीतरी दिलेली एक नक्कल कमरेच्या पिशवीतून घेऊन ते आले होते.

कागद टेबलावर ठेवतात न ठेवतात तोच त्यांचा फोन वाजला.

"हां शेट. हां. नाय, आज सुट्टी दिलीव ना तुमी... हां, पाव्हनं? बरां. येतो. येतो शेट."

फोन ठेवून म्हणाले, "बाय, जरा लवकर बगा."

मी बघितलं. वेठीची यादी होती. त्या काळी साहेबाचा दौरा निघाला की वाडीवाडीतून माणसं धरायचे. तंबू, खुर्च्या, पेट्या, साहेबाचा बाथटब, सगळं डोक्यावर घेऊन डोंगर चढायचा. ही वेठ. यादीत माणसांची नावं आणि पुढे शेरा. कोण आला, कोण नाही, का नाही.

"तुमच्या घरातलं नाव काय?"

"लखू. लखू गोमा. आज्याचा बा."

मी एकेक शेरा वाचत गेले. "हजर. हजर. तापाने आजारी. हजर. परगावी. हजर. पायात काटा, तरी हजर..."

फोन परत वाजला. "हां शेट. निगालोच. कोंबडी? हां, आनतो. निगालोच शेट."

गायकर माझ्याकडे बघायला लागले. मी पुढे सरकले आणि ते नाव आलं. लखू वल्द गोमा. वाचलं आणि थांबले.

"बुधाजी," मी म्हटलं, "नाव आहे. पण ह्यात जमीन नाही, सर्व्हे नंबर नाही. हा कागद तुमच्या दाव्याच्या कामाचा नाही."

त्यांचा चेहरा पडला. पिशवीची नाडी आवळत उठले. मग उभ्या उभ्या, निघता निघता विचारायचं म्हणून विचारलं, "पर लिवलंय काय त्याचा?"

मी वाचलं. "लखू वल्द गोमा. डोंगरावर बसून पावा वाजवीत होता. तीन वेळा बोलावले. आला नाही."

बुधाजी तसेच उभे राहिले. मग खाली बसले. अगदी सावकाश, जसं कुणी देवळात बसावं.

"पावा?"

"पावा. बासरी."

"तीन येला बोलावला?"

"तीन वेळा."

फोन वाजला. बुधाजींनी तो हातात घेतला. शेटचं नाव उजळत होतं, विझत होतं. बराच वेळ त्यांनी ते बघितलं. मग फोन टेबलावर पालथा ठेवला, माझ्या भिंगाच्या शेजारी.

"बाय," ते म्हणाले, "परत वाचा."

चंदरभाईंनी झेरॉक्स मशीन बंद केलं. पंख्याचा तेवढा आवाज. मी परत वाचलं. लखू वल्द गोमा. डोंगरावर बसून पावा वाजवीत होता. तीन वेळा बोलावले. आला नाही.

फोन थरथरत टेबलावरून कडेकडे सरकत होता. कुणीच त्याला हात लावला नाही. बुधाजींनी डोळे मिटले.

"परत," ते म्हणाले.